तळघरातील जलनिस्सारण

तळघरातील जलनिस्सारण : इमारतीच्या जमिनीखालील भागात भिंतींतून, तळाच्या फरशीखालून किंवा या दोहोंच्या सांध्यातून झिरपणारे पाणी आतील बाजूस गोळा करून, ठराविक मार्गाने एका कुंडात आणून, तेथून उताराने अथवा पंपाने इमारतीबाहेर काढून टाकण्याच्या व्यवस्थेस तळघरातील जलनिस्सारण किंवा अंतर्गत निचरा असे म्हणतात. जलाभेद्यीकरणात पाण्याला बाहेरच अडविण्याचा प्रयत्न असतो. निचऱ्यात पाणी येणार हे गृहीत धरून त्याला वाट करून दिली जाते. इमारत उभी राहिल्यानंतर भिंतीची बाहेरची बाजू पुन्हा उघडी करणे बहुधा अशक्य असते. शेजारची इमारत, रस्ता, मलवाहिन्या किंवा विजेच्या तारा आड येतात. अशा वेळी गळक्या तळघरावर आतून करता येण्याजोगा सर्वांत विश्वसनीय उपाय हाच ठरतो. मात्र तो कोणत्या पाण्यावर चालतो आणि कोणत्या पाण्यावर चालत नाही, हे आधी ठरविणे आवश्यक असते. कारण या निवडीतील चूक केवळ खर्चाची नसून प्रसंगी जीवितहानीचीही असते.

इतिहास : जमिनीखालील खोली महाराष्ट्रास नवी नाही. कल्याणजवळच्या अंबरनाथ येथील शिवमंदिराचे (शके ९८२, इ. स. १०६०) गर्भगृह सभामंडपाच्या पातळीपेक्षा बरेच खाली असून पायऱ्या उतरून तेथे जावे लागते, हे मंदिर वालधुनी नदीच्या काठीच आहे. देशावरील वाड्यांतून धान्य व मौल्यवान वस्तू ठेवण्यासाठी तळघरे व बळदे बांधीत. सांगलीजवळील हरिपूर येथे हळद साठविण्यासाठी जमिनीत पेवे खणीत. तेथील माती चिकट व अपार्य असल्यामुळे ती कोरडी राहत. परंतु २००५ च्या कृष्णेच्या महापुरात पाणी वरून शिरल्याने त्यांतील पुष्कळशी निकामी झाली. झिरपणाऱ्या पाण्यापासून संरक्षण असले, तरी पुराच्या पाण्यापासून ते असतेच असे नाही, हे या उदाहरणावरून दिसून येते.

निचऱ्याच्या शास्त्रीय अभ्यासास एकोणिसाव्या शतकात प्रारंभ झाला. सच्छिद्र माध्यमातून वाहणाऱ्या पाण्याचे प्रमाण हे त्या माध्यमाची पार्यता (पाणी आरपार जाऊ देण्याची क्षमता) व पाण्याच्या पातळीचा उतार यांच्या सम प्रमाणात असते, हा नियम फ्रेंच अभियंते आंरी दार्सी यांनी १८५६ मध्ये मांडला. अमेरिकेतील हेन्री फ्लॅग फ्रेंच यांनी १८५९ मध्ये शेतजमिनीच्या निचऱ्यावर ग्रंथ लिहून दगड-खडीने भरलेल्या चरांचा प्रसार केला. अशा चरास ‘फ्रेंच निचरा’ म्हणतात ते त्यांच्या आडनावावरून. फ्रान्स देशाशी त्याचा संबंध नाही. पुढे कार्ल टेरझागी यांनी मृदा यामिकीचा पाया घालताना गाळण थरातील कणांच्या आकाराचे नियम दिले [→ मृदा यामिकी]. तळघरातील आजचा निचरा हा शेतातील या चराचाच घरात आणलेला प्रकार आहे.

कल्याण परिसराची परिस्थिती : कल्याण हे उल्हास नदीच्या खाडीकाठचे प्राचीन बंदर. काळू नदी येथे उल्हासला मिळते, वालधुनी शहरामधून वाहत येते आणि समुद्राच्या भरतीचा प्रभाव शहराच्या काठापर्यंत पोहोचतो. या परिसरात वर्षाकाठी सु. २,५०० मिमी. पाऊस पडतो व तो जवळजवळ सर्व जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. भूस्तर दख्खनच्या काळ्या पाषाणाचा (बेसाल्टचा) आहे. ताजा, अखंड पाषाण पाणी फारसे धरीत नाही. परंतु त्यावरील झिजलेला भाग, म्हणजे मुरूम, व पाषाणातील भेगा यांतून पाणी सहज फिरते. खाडीलगतच्या पट्ट्यात मऊ, काळी खाजणमाती आढळते. ती पाणी धरून ठेवते व सावकाश सोडते.

या रचनेचा परिणाम असा, की पावसाळ्यात मुरमातून मुरलेले पाणी खालच्या अखंड पाषाणावर अडते आणि भूजलाची तात्पुरती पातळी झपाट्याने वर चढते. उन्हाळ्यात काही मीटर खोल असलेली पातळी श्रावणात अनेक ठिकाणी जमिनीलगत येते. जुन्या कल्याणातील विहिरी व शेणाळे अर्थात काळा तलाव यांना पाणी पुरविणारी ही भूरचना तळघरास मात्र प्रतिकूल ठरते. पाषाण फोडून खणलेल्या खड्ड्यात तळघर बांधले, की भिंत व खड्ड्याची कड यांमधील जागा बहुधा सैल भरावाने भरली जाते. सभोवार पाषाण व मध्ये सैल माती अशा स्थितीत तो खड्डा हौदासारखे काम करतो. छताचे व अंगणाचे पाणी त्यात उतरते आणि त्याला बाहेर जाण्यास वाट नसते. त्यामुळे उंचावरील, खाडीपासून दूर असलेल्या इमारतीचे तळघरही भर पावसात गळू लागते.

कल्याण-डोंबिवलीत राहत्या इमारतींना तळघर क्वचितच असते. व्यापारी संकुले, रुग्णालये व वाहनतळ यांना ते असते. परंतु रस्त्यांवर वेळोवेळी थर चढत गेल्याने जुन्या इमारतींचे तळमजले रस्त्याच्या खाली गेलेले सर्वत्र दिसतात. बांधताना जोत्यावर असलेली खोली अशा रीतीने कालांतराने अर्धे तळघर बनते आणि पुढे दिलेले विवेचन तिलाही लागू पडते.

पाण्याचे प्रकार : तळघरात येणारे पाणी चार प्रकारचे असते. (१) पृष्ठजल : पावसाचे किंवा पुराचे पाणी, ते उतरणीवरून (रॅम्पवरून), जिन्यातून अथवा झरोक्यांतून शिरते. (२) भूजल : सभोवारच्या मातीतून दाबाखाली येणारे पाणी. (३) गळतीचे पाणी : जमिनीखालील साठवण टाकी, नळ किंवा मलवाहिनी फुटल्याने येणारे पाणी. (४) हवेतील बाष्प : थंड भिंतीवर दवाप्रमाणे जमणारे पाणी. अंतर्गत निचरा दुसऱ्या प्रकारासाठी आहे. पहिल्यासाठी उंबरा, उंचवटा व उतरणीच्या डोक्याशी आडवी जाळीदार गटार हवी. तिसऱ्यासाठी नळाची वा टाकीची दुरुस्ती आणि चौथ्यासाठी वायुवीजन.

निदान : गळती बाराही महिने सारखीच असेल, तर पाणी टाकीचे किंवा नळाचे असण्याचा संभव अधिक. टाकी भरून तिचे सर्व नळ बंद करावेत व पातळीवर खूण करून २४ तासांनी पाहावे. पातळी उतरल्यास टाकी गळत असते. मलवाहिनीत निरुपद्रवी रंग सोडल्यास तो भिंतीवर उमटतो का ते पाहता येते. गळती पावसाबरोबर लगेच वाढून लगेच थांबत असेल, तर पाणी पृष्ठभागावरून येते. पाऊस थांबल्यावरही काही दिवस ती चालू राहिली, तर ते भूजल असते. खाडीलगतच्या तळघरात गळती दर बारा-साडेबारा तासांनी कमीजास्त होत असेल आणि पाणी खारट असेल, तर भरतीचा संबंध स्पष्ट होतो [→ भरती-ओहोटी]. बाष्प व पाझर यांतील फरक ओळखण्यासाठी सु. अर्धा मी. लांबीरुंदीचा प्लॅस्टिकचा तुकडा चारही कडा चिकटवून भिंतीवर लावतात. दोन दिवसांनी ओलावा खोलीकडील बाजूवर दिसला, तर ते बाष्प. भिंतीकडील बाजूवर दिसला, तर पाझर. भिंतीवर पांढरा लोणा फुटणे हे पाणी भिंतीतून क्षार विरघळवीत येत असल्याचे चिन्ह होय.

ही निरीक्षणे किमान एका संपूर्ण पावसाळ्यात, तारीख, पाऊस व गळतीची जागा टिपून करावीत. उन्हाळ्यात कोरड्या भिंतीकडे पाहून केलेला अंदाज बहुधा चुकतो.

दाब व उत्थापन : स्थिर पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, दर मीटर खोलीस तो चौ.मी.ला सु. १ टन असतो. भूजल फरशीच्या वर ३ मी. असेल, तर भिंतीच्या पायथ्याशी चौ.मी.ला ३ टन दाब येतो आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर पाण्याचा एकूण आडवा रेटा सु. ४.५ टन होतो. हाच दाब फरशीला खालून वर ढकलतो. त्यास उत्थापन म्हणतात. १५ सेंमी. जाडीच्या साध्या काँक्रीटच्या फरशीचे वजन चौ.मी.ला सु. ३६० किग्रॅ. भरते. म्हणजे कडांचा आधार सोडला, तर फरशीच्या तळापासून ३६ सेंमी. वर पाणी चढताच तिचे वजन व उत्थापन समसमान होतात. पाणी त्याहून वर गेले, की फरशी फुगते व तडकते.

केवळ आतून रसायन किंवा सिमेंटचा लेप लावून गळती बंद करण्याचे प्रयत्न पुष्कळदा फसतात, त्याचे कारण येथे आढळते. आतला लेप पाण्याच्या दाबामुळे भिंतीपासून सुटण्याच्या दिशेने ढकलला जातो. तो टिकलाच, तर पाणी दुसऱ्या दुबळ्या जागी, सामान्यतः भिंत व फरशी यांच्या सांध्यात, फुटते. आणि सर्व जागा बुजविण्यात यश आले, तर पूर्वी गळतीमुळे कमी होणारा दाब आता पूर्णपणे फरशीवर येतो. निचऱ्याने गळती थांबत नाही, दाब उतरतो. भिंत ओलीच राहते, पण पाणी जमिनीवर न पसरता ठरलेल्या वाटेने जाते.

जलरोधनाचे प्रकार : जमिनीखालील बांधकामाच्या संरक्षणाबाबतच्या ब्रिटिश मानकात (बीएस ८१०२) तीन प्रकार केलेले आहेत : बाहेरून अथवा आतून अभेद्य आवरण देणे, बांधकामच पाणी न झिरपेल अशा दाट, सळयायुक्त काँक्रीटचे करणे, आणि भिंतीच्या आत पोकळी ठेवून तिच्यातील पाण्याचा निचरा करणे. भारतात इमारतींच्या ओल-प्रतिबंधासाठी भारतीय मानक ३०६७ (१९८८) उपलब्ध आहे. पृष्ठभागावरील पाणी तळघरात उतरणार नाही अशी तजवीज असावी व भिंती आणि तळ जलाभेद्य असावेत, अशी राष्ट्रीय इमारत संहितेची अपेक्षा आहे. मुंबई-ठाणे भागात शहाबादी फरशा बाहेरून लावून, मागे सिमेंटचे पातळ मिश्रण ओतून केलेले पेटी पद्धतीचे जलरोधन दीर्घकाळ प्रचलित आहे. ते चांगले केल्यास टिकते. परंतु ते भराव टाकण्यापूर्वीच करता येते. इमारत पूर्ण झाल्यावर वरील तीनपैकी तिसरा प्रकारच व्यवहार्य उरतो.

रचना : अंतर्गत निचऱ्याचे चार घटक असतात : पाणी गोळा करणारा भाग, वाहून नेणारा चर, संचय-कुंड आणि पंप.

भिंतीवरून येणारे पाणी चरापर्यंत नेण्यासाठी भिंतीला आतून उठाव असलेला उच्च घनतेच्या पॉलिएथिलिनाचा तक्ता लावतात. उठावांमुळे भिंत व तक्ता यांमध्ये काही मिमी. पोकळी राहते आणि पाणी तिच्यातून खाली उतरते. भिंत पोकळ ठोकळ्यांची असल्यास तळाच्या थरात छिद्रे पाडून आत साठलेले पाणी मोकळे करतात. सळयायुक्त काँक्रीटच्या भिंतीस मात्र अशी छिद्रे पाडू नयेत.

फरशी साध्या काँक्रीटची असेल, तर भिंतीलगत सु. ३० सेंमी. रुंदीची पट्टी कापून तितक्याच खोलीचा चर खणतात. चराच्या तळाशी व कडांना न विणलेले भूवस्त्र अंथरतात, त्यावर धुतलेल्या २० मिमी. खडीचा थर देतात व त्यात १०० मिमी. व्यासाची सच्छिद्र पीव्हीसी नळी छिद्रे खालच्या अंगास येतील अशी ठेवतात. पाणी खालून चढत नळीत शिरते; छिद्रे वर ठेवल्यास नळीखालील पाणी तसेच साचून राहते. नळीस २०० मी.त १ मी. एवढा तरी उतार हवा. ४० मी. परिघाच्या तळघरात कुंडाच्या समोरच्या टोकापासून दोन्ही बाजूंनी २०-२० मी. नळी आणल्यास प्रत्येक बाजूस १० सेंमी. उतार पुरतो. प्रत्येक कोपऱ्यात साफसफाईसाठी झाकणाचे तोंड ठेवतात. खडीवर भूवस्त्र दुमडून घेऊन वर काँक्रीट ओततात. मात्र भिंतीलगत तक्त्याच्या पोकळीची वाट मोकळी ठेवतात.

गाळणाचा हा भाग सर्वांत महत्त्वाचा असतो. पाण्याबरोबर माती वाहून येऊ लागली, तर नळी तर बुजतेच, शिवाय पायाखालची माती पोखरली जाते. टेरझागी यांच्या नियमानुसार गाळण थराचा बारीक भाग (वजनाने १५ टक्के कण ज्याहून लहान असतात तो आकार) लगतच्या मातीच्या भरड भागाच्या (८५ टक्के कण ज्याहून लहान असतात त्या आकाराच्या) चार-पाच पटींहून मोठा नसावा. तसेच पाणी सहज वाहावे म्हणून तो मातीच्या बारीक भागाच्या चार-पाच पटींहून लहानही नसावा. खाजणमातीसारख्या अतिसूक्ष्म कणांच्या मातीत नुसती खडी हा नियम पाळू शकत नाही; तेथे योग्य भूवस्त्र अथवा वाळूचा मधला थर अनिवार्य ठरतो. कुंडात येणारे पाणी सतत गढूळ दिसणे ही धोक्याची सूचना समजून काम थांबवावे व पायाची तपासणी करावी.

फरशी सळयायुक्त काँक्रीटची, म्हणजे सर्व स्तंभांखाली पसरलेला अखंड पाया (राफ्ट) असेल, तर ती कापू नये. उत्थापन सोसण्यासाठीच तिच्यात सळया असतात व त्या तोडल्यास संपूर्ण इमारतीस इजा पोहोचते. अशा ठिकाणी भिंतीपासून १० ते १५ सेंमी. अंतरावर फरशीच्या वर लहान कठडा बांधून उघडी नाली करतात, किंवा संपूर्ण तळावर उठावाचा तक्ता अंथरून त्यावर उताराचा कोबा करतात. यात तळघराची उंची काही सेंमी.नी कमी होते, पण बांधकामास धक्का लागत नाही. फरशी कोणत्या प्रकारची आहे हे मूळ नकाशावरून व संरचना अभियंत्याकडून निश्चित केल्यावाचून छिन्नी लावू नये. साध्या फरशीतही चर स्तंभाच्या पायाच्या तळाखाली जाता कामा नये व तो एकाच वेळी सर्वत्र न खणता तुकड्या-तुकड्यांनी खणावा.

संचय-कुंड व पंप : कुंड तळघराच्या सर्वांत खालच्या कोपऱ्यात, झाकणासह बांधतात. उदाहरणार्थ, १ मी. लांब, रुंद व खोल कुंडात तरंगकाच्या चालू व बंद पातळ्यांत ५० सेंमी. अंतर ठेवल्यास ५०० लि. पाणी उपयोगी साठते. मिनिटास ५० लि. पाणी येत असेल, तर कुंड १० मिनिटांत भरते. मिनिटास २०० लि. उपसणारा पंप ते सु. साडेतीन मिनिटांत रिते करतो. म्हणजे पंप तासातून चार-पाच वेळा सुरू होतो, जे त्यास सोसते. कुंड फार लहान केल्यास पंप वारंवार सुरू-बंद होऊन चलित्र जळते.

मिनिटास २०० लि. पाणी ६ मी. उंच चढविण्यास सैद्धांतिक शक्ती सु. २०० वॉट लागते. लहान पंपांची कार्यक्षमता व नळीतील घर्षण धरता सु. अर्धा किलोवॉट, म्हणजे अर्धा ते पाऊण अश्वशक्तीचा पाण्यात बुडून चालणारा पंप पुरतो. पंप नेहमी दोन असावेत, दुसऱ्याचा तरंगक थोडा वर ठेवावा व तो चालू होताच घंटा वाजावी. पंपाच्या बहिर्गामी नळीवर पाणी उलट न येऊ देणारी झडप हवी.

अतिवृष्टी व वीज खंडित होणे या गोष्टी बहुधा एकाच वेळी घडतात. त्यामुळे विजेची पर्यायी सोय ही चैन नसून व्यवस्थेचाच भाग होय. घरगुती १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तास विद्युत् घटमालेत सु. १.८ किलोवॉट-तास ऊर्जा असते. अर्धा किलोवॉटचा पंप अखंड चालल्यास ती तीन तासांच्या आसपास पुरते. वर दिलेल्या उदाहरणात पंप एकूण वेळेच्या सु. एक चतुर्थांशच चालतो, म्हणून तीच घटमाला रात्रभर पुरू शकते. मात्र पाण्याचा ओघ वाढल्यास हा हिशेब झपाट्याने उलटतो. इंधनावर चालणारे जनित्र किंवा पंप तळघरात कधीही चालवू नये. त्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू बंद जागेत प्राणघातक असतो.

बाहेर काढलेले पाणी इमारतीच्या भिंतीलगत सोडल्यास ते भरावातून मुरून पुन्हा तळघरात येते व पंप तेच पाणी फिरवीत राहतो. ते पर्जन्यजलवाहिनीत सोडावे, मलवाहिनीत नव्हे. बहिर्गामी नळी पुराच्या ज्ञात पातळीहून वर नेऊन मग खाली वळवावी; तसे न केल्यास नाला तुंबताच पाणी नळीतून मागे येण्याचा संभव असतो.

मर्यादा : निचरा झिरपणाऱ्या पाण्यासाठी असतो, शिरणाऱ्या पाण्यासाठी नव्हे. ३० चौ.मी. उघड्या उतरणीवर तासाला ५० मिमी. पाऊस पडल्यास मिनिटास केवळ २५ लि. पाणी तळघरात येते. तेवढे पंप सहज उपसतो. पण रस्त्यावरील पाणी उतरणीच्या डोक्यावरून वाहू लागले, की ओघ सेकंदास शेकडो लिटरांवर जाऊ शकतो आणि कोणताही घरगुती पंप निरुपयोगी ठरतो. २६ जुलै २००५ रोजी सुरू झालेल्या अतिवृष्टीत मुंबईच्या सांताक्रूझ केंद्रावर २४ तासांत ९४४ मिमी. पाऊस नोंदला गेला; त्या वेळी उल्हासच्या पुराने बदलापूर-कल्याण पट्ट्यातील सखल वस्त्या पाण्याखाली गेल्या. २७ जुलै २०१९ रोजी याच नदीच्या पुरात बदलापूर-वांगणी दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून शेकडो प्रवाशांची सुटका करावी लागली. २७ जुलै २०२४ रोजी दिल्लीच्या जुन्या राजेंद्रनगर भागात रस्त्यावर साचलेले पाणी एका शिकवणी-वर्गाच्या तळघरातील अभ्यासिकेत शिरून तीन विद्यार्थी मरण पावले.

यावरून दोन नियम निघतात. पहिला, उतरणीच्या डोक्याशी रस्त्याच्या पातळीहून उंच उंचवटा व वेळी बसविता येतील अशा फळ्यांची सोय निचऱ्याच्या आधी करावी. रस्ता पुन्हा उंच झाला, की उंचवटाही वाढवावा. दुसरा, पाणी शिरण्याचा संभव असलेल्या तळघरात माणसांचा वावर, विजेचे मापक व मुख्य खटके ठेवू नयेत आणि बाहेर पडण्याच्या वाटा एकापेक्षा अधिक असाव्यात. पाणी भरलेल्या तळघरात वीजपुरवठा बाहेरून खंडित केल्याखेरीज उतरू नये. पंपाच्या मंडलात ३० मिलिअँपिअर गळतीस तुटणारा खटका बसवावा.

पूर ओसरल्यावर तुडुंब भरलेले तळघर एकदम उपसू नये. आतील पाणी भिंतीला बाहेरच्या रेट्याविरुद्ध आधार देत असते. बाहेरची माती संपृक्त असताना तो आधार काढल्यास भिंत आत कोसळू शकते किंवा फरशी उचलली जाते. पातळी थोडी उतरवून खूण करावी, ती पुन्हा चढत नाही असे पाहून मग पुढे उपसावे. दिवसाला सु. ३० सेंमी. हा गडी विटांच्या व ठोकळ्यांच्या भिंतींसाठी सावध वेग समजतात.

निचऱ्याने आतली जागा कोरडी झाली, तरी भिंतीचे काँक्रीट ओलेच राहते. खाडीलगतच्या पाण्यातील क्लोराइडे सळयांपर्यंत पोहोचून त्या गंजवितात. गंजलेली सळई फुगून काँक्रीटचे पापुद्रे पाडते. औद्योगिक वस्तीतील भूजलात सल्फेटे असल्यास सिमेंटही झिजते. म्हणून तक्ता लावण्यापूर्वी भिंतीची दुरुस्ती पूर्ण करावी. तो लावल्यानंतर भिंत दृष्टीआड होते. तक्त्यामागे भेगा व गंज झाकून टाकणे म्हणजे रोग लपविणे होय.

निगा : मे महिन्यात कुंडातील गाळ काढणे, साफसफाईच्या तोंडांतून नळ्या धुणे, कुंडात पाणी ओतून दोन्ही पंप, तरंगक व घंटा तपासणे आणि बहिर्गामी नळीचे तोंड मोकळे आहे ना हे पाहणे, एवढी कामे दरवर्षी करावी लागतात. काँक्रीटमधून विरघळून आलेला चुना नळीत पांढरा थर धरतो, तर मुरमातील लोहामुळे तांबूस, बुळबुळीत गाळ साचतो. दोन्हींमुळे काही वर्षांत नळीचा मार्ग अरुंद होतो. कुंडावर घट्ट झाकण नसल्यास त्यात डासांची पैदास होते. खोल कुंडात साचलेल्या दूषित वायूंमुळे गुदमरण्याचा धोका असल्याने सफाईसाठी माणूस आत उतरविण्याऐवजी गाळ वरूनच काढावा. गृहनिर्माण संस्थेत ही जबाबदारी कोणाकडे आहे हे लेखी ठरविलेले असावे व पंपाच्या जागेचा आणि खटक्यांचा नकाशा पहारेकऱ्याच्या खोलीत लावलेला असावा.

नव्या इमारतींत हीच व्यवस्था बांधकामाच्या वेळी केल्यास पुष्कळ स्वस्त पडते. खड्डा उघडा असतानाच भिंतीबाहेर पायाच्या पातळीवर सच्छिद्र नळी टाकणे, भराव मुरमाऐवजी तळाशी खडीचा व वरचा थर चिकट मातीचा करणे, अंगणाचा उतार इमारतीपासून दूर ठेवणे, भिंत व तळ यांच्या सांध्यात जलरोधक पट्टी बसविणे व कोपऱ्यात सिमेंटचा गोलाकार वाटा करणे, ही कामे त्या वेळी सहज होतात. खाडीच्या पूरपातळीखालील व खाजणमातीच्या जमिनीत मात्र निचऱ्याचा भार कायम पंपावर पडतो. अशा जागी तळघर न बांधता इमारत खांबांवर उचलून तळमजला वाहनांसाठी मोकळा सोडणे, ही कल्याण परिसरात रूढ झालेली पद्धतच अधिक सुरक्षित ठरते.